थंडीत स्लेटच्या छपरावरचे डाग: ताकद वाढवण्याआधी घड्याळ आणि थर्मामीटर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नैसर्गिक स्लेटचं, म्हणजे पाटीच्या दगडाचं, जुनं छप्पर. आढ्यापासून खाली काळे ओघळ, सावलीच्या उतारावर हिरवट थर, मधूनमधून दगडफुलाच्या करड्या चकत्या आणि एका बाजूला तपकिरी रेघा. दिवसा ५-६ अंश सेल्सिअस, रात्री शून्याच्या आगेमागे. सुमारे ३ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, फवारून २० मिनिटांनी धुतलं, पण म्हणावा तसा फरक पडला नाही. आता ताकद दुप्पट करावी, गरम पाण्यात मिसळून मारावं, की सरळ ॲसिड आणावं?

तिन्ही करू नका. काळ्या-हिरव्या डागांपुरतं बोलायचं तर बहुधा रसायन कमी पडलेलं नाही, तुम्ही ते लवकर धुतलंत. आणि तपकिरी रेघांवर ते मारायलाच नको होतं.

आधी थंडीचा हिशोब करू. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण निम्म्यावर येतो. २५ अंशांना जे ५ मिनिटांत होतं त्याला ५ अंशांना २० मिनिटं लागतात. म्हणजे तुमची २० मिनिटं ही उन्हाळ्यातली जेमतेम ५ मिनिटं झाली, आणि उन्हाळ्यात ५ मिनिटांत छप्पर धुवायला कोणी घेत नाही.

पण थंडीची दुसरी बाजू कामाची आहे. उन्हात तापलेल्या स्लेटवर ब्लीच दहा-पंधरा मिनिटांत सुकून जातं. सुकलं की त्याचं काम थांबतं आणि मागे फक्त मीठ उरतं, म्हणून सारखं ओलं करत राहावं लागतं. थंडीत तोच थर तासभर ओला राहतो. हा वेळ फुकट मिळतोय, तो वापरा. त्याच ३ टक्क्यांच्या द्रावणाला पाऊण ते एक तास द्या, मध्ये एकदा हलका फवारा मारा आणि मग धुवा. ताकद मात्र फुकट मिळत नाही. तीव्रता दुप्पट केली की सोबतचा कॉस्टिक सोडा दुप्पट होतो, मीठ दुप्पट होतं, आणि तांब्याच्या, जस्ताच्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर, खिळ्यांवर आणि खालच्या झाडांवर पडणारा मारही वाढतो. स्लेट स्वतः बरंच सोसते. तिच्या आजूबाजूचं सोसत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. हायपोक्लोराइट साठवणीत आपोआप कमजोर होतं आणि उष्णतेत ते फार झपाट्याने होतं. उन्हाळ्यात महिनाभर पडून राहिलेल्या १२.५ टक्क्यांच्या कॅनमध्ये तेवढं क्लोरीन उरलेलं नसतं. थंडीत तोच कॅन जवळजवळ लेबलाइतका ताजा राहतो. एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी हे नेहमीचं मिश्रण थंडीत खरोखरच ३ टक्क्यांच्या थोडं वर भरतं; उन्हाळ्यात तुम्ही ज्याला ३ म्हणत होता ते कदाचित २ असेल. म्हणजे ताकद वाढवण्याचा विचार येण्याआधीच ती थोडी वाढलेली असते.

गरम पाण्याचं म्हणाल तर त्यामागची कल्पना बरोबर वाटते, पण छपरावर ती चालत नाही. एका चौरस मीटरवर आपण साधारण २०० मिलिलिटर द्रावण टाकतो. तेवढ्याच जागेवरची ५ मिलिमीटर जाडीची स्लेट सुमारे १४ किलो भरते, आणि स्लेटा एकमेकींवर चढवलेल्या असल्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन थर असतात. एका थराचीच उष्णता धरून ठेवण्याची क्षमता त्या पातळ पाण्याच्या दहापटीहून जास्त आहे. ४० अंशांचं द्रावण टेकल्याबरोबर छपराच्या तापमानाला येतं. शिवाय गरम केलेल्या हायपोक्लोराइटचं टाकीतच जास्त वेगाने विघटन होतं. कोमट पाण्याचा उपयोग एवढाच की थंडीत घट्ट झालेलं साबणी द्रावण नीट मिसळतं. त्यासाठी हाताला जेमतेम कोमट लागेल इतकं पाणी पुरे.

गोठू नये म्हणून त्यात ग्लायकोल मिसळायचा सल्लाही दिला जातो. तसं काही करू नका. ग्लायकोल हा सेंद्रिय पदार्थ आहे. ब्लीच त्याच्यावरच खर्च होतं आणि मिश्रण तापतं. क्लोरीनची कोरडी पावडर, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, ग्लायकोलच्या संपर्कात आली तर पेट घेऊ शकते. जिथे पाणी गोठण्याची भीती आहे तिथे त्या दिवशी काम करायचं नसतं, इतकं ते सोपं आहे.

आता मूळ मुद्दा. थंडीत रसायनाचा परिणाम दिसला नाही तर त्याची दोन कारणं असू शकतात: क्रिया मंद आहे, किंवा डागच त्या रसायनाने जाणारा नाही. छपरावर उभं राहून हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत, आणि तिथूनच लोक ताकद वाढवत सुटतात. उपाय घरातच आहे. डाग असलेला स्लेटचा एखादा पडका तुकडा किंवा पन्हळीत घरंगळलेली चीप शोधा, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि त्यावर तेच द्रावण ड्रॉपरने टाका. खिडकी उघडी, हातात मोजे. २० अंशांना १५-२० मिनिटांत काळा किंवा हिरवा डाग फिकट पडला तर तो सजीव डाग आहे, रसायन बरोबर आहे, बाहेर फक्त वेळ हवा. आत उबेतही काहीच झालं नाही, तर बाहेर कितीही ताकद लावा, काही होणार नाही. ही चाचणी केल्याशिवाय मी थंडीत कोणाला कॅन उघडू देत नाही.

सजीव डागांतही फरक आहे. काळे ओघळ बहुतेक वेळा सायनोबॅक्टेरियाचे असतात. उन्हापासून बचाव म्हणून त्यांच्याभोवती गडद आवरण असतं आणि तेच आपल्याला डाग म्हणून दिसतं. हे आणि हिरवं शेवाळ ब्लीचने जातं. दगडफूल वेगळं. ते म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी. बुरशीचे तंतू दगडाच्या सूक्ष्म भेगांत आणि थरांच्या कडेला शिरलेले असतात. ब्लीचने ते मरतं, पांढरं पडतं, पण लगेच सुटत नाही. ओरबाडून काढलं तर त्याच्यासोबत स्लेटचा पापुद्रा येतो. मेलेलं दगडफूल वाऱ्यापावसाने सुटायला काही महिने लागतात, थंडीत जास्तच. ज्या चकत्या वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरने वाढल्या त्या एका दुपारी निघून याव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे. धुराची काजळी मात्र सजीव नाही, तिच्यावर ब्लीचचा परिणाम होत नाही. तिला सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश लागतो.

तपकिरी रेघांकडे वळू, कारण खरं नुकसान इथे होतं. बऱ्याच स्लेटमध्ये पायराइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड, असतं. काही खाणींच्या दगडात ते वर्षानुवर्षं चकाकत तसंच राहतं, काहींत हवापाण्याने गंजतं आणि खाली रेघ ओढतं. युरोपच्या ईएन १२३२६ या मानकात यासाठीच टी१, टी२, टी३ अशा श्रेणी आहेत: टी१ मध्ये बदल नाही किंवा नगण्य, टी२ मध्ये गंजाचे ओघळ येतात पण दगड शाबूत राहतो, टी३ मध्ये गंज आरपार जाऊन भोक पडण्याचा धोका असतो. हायपोक्लोराइट हे ऑक्सिडीकरण करणारं रसायन आहे. गंजावर ते मारणं म्हणजे गंजण्याच्या क्रियेला हातभार लावणं. रेघ जात नाही, उलट गडद होते, आणि आत न गंजलेलं पायराइट असेल तर त्यालाही चालना मिळते. रेघेचा उगम बघा: स्लेटच्या मधल्या एखाद्या ठिपक्यापासून सुरू झाली असेल तर पायराइट, वरच्या सांध्यातून निघत असेल तर बहुधा लोखंडी खिळा. खिळा असेल तर डागापेक्षा खिळ्याची चिंता करा, कारण तो तुटला की स्लेट घसरणार.

गंजासाठी ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात, ते लोह विरघळवून सोबत नेतं. थंडीत त्याची स्वतःची अडचण आहे. २० अंशांना एक लिटर पाण्यात ते साधारण ९५ ग्रॅम विरघळतं, ५ अंशांना जेमतेम ४७. घरात उबेत केलेलं दाट द्रावण छपरावर नेलं की त्याचे स्फटिक होऊन नोझलमध्ये अडकतात. पातळ करा, लिटरला ३० ते ४० ग्रॅम, डागापुरतंच ब्रशने लावा. स्लेटमध्ये चुनखडीचा अंश जास्त असेल तर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा थर बसतो आणि तो पाण्याने निघत नाही, म्हणून आधी तुकड्यावर चाचणी. ते विषारीही आहे, हे विसरू नका. पायराइटची रेघ पुसली तरी उगम दगडातच असल्यामुळे ती परत येणार. एखाददुसरी वाईट स्लेट असेल तर ती बदलणं स्वस्त पडतं.

हायड्रोक्लोरिक ॲसिड अजिबात नको. ते स्लेटमधल्या कार्बोनेटला आणि लोह असलेल्या खनिजांना खातं, सुटलेलं लोह नंतर नव्याने पिवळं-तपकिरी दिसतं, आणि आढ्याच्या चुन्या-सिमेंटचं नुकसान वेगळंच.

आणि आता तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची सूचना. छपरावर नुकतंच ब्लीच मारलं आहे, म्हणून कोणतंही ॲसिड, ऑक्झॅलिकसुद्धा, इतक्यात वर नेऊ नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. धुतलं असलं तरी एकमेकींवर चढलेल्या स्लेटांच्या फटीत पाणी केशाकर्षणाने धरून राहतं, आणि थंडीत ते सुकत नाही, त्यातलं ब्लीच विघटितही हळूच होतं. उन्हाळ्यात दोन कोरडे दिवस पुरतात. थंडीत मी चांगला पाऊस होऊन जाण्याची आणि नंतर छप्पर पूर्ण कोरडं पडण्याची वाट बघतो.

रसायनाच्या आधी दगडाची तब्येत तपासायला हवी होती, ते राहिलं असेल तर आता करा. बोटाच्या पेराने स्लेटवर टिचकी मारा. चांगली स्लेट खणखणीत वाजते, थकलेली बद्द. पापुद्रे सुटत असतील, कडा भुसभुशीत झाल्या असतील, तर साफसफाईचा प्रश्नच संपला. त्या छपराला पाणी जितकं कमी लागेल तितकं बरं. चांगली स्लेट पाणी पीत नाही. अमेरिकेच्या एएसटीएम सी४०६ मानकात वरच्या, एस१ श्रेणीसाठी जलशोषणाची मर्यादा ०.२५ टक्के आहे आणि तिचं अपेक्षित आयुष्य ७५ वर्षांहून जास्त धरतात. थर सुटलेल्या स्लेटमध्ये मात्र पाणी शिरतं, रात्री गोठतं, फुगतं, आणि सकाळी पन्हळीत तुकडे सापडतात.

काही स्लेटांचा रंगच मुळात बदलतो, हेही ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ‘सी ग्रीन’ स्लेटचे बरेच तुकडे काही काळाने भुरकट-तपकिरी होतात. तो डाग नाही, दगडाचा स्वभाव आहे, आणि कुठल्याही रसायनाने तो परत हिरवा होणार नाही. आणि छप्पर खरंच दगडाचं आहे ना, याचीही खात्री करून घ्या. सिमेंटच्या कृत्रिम स्लेटा लांबून हुबेहूब दिसतात आणि जुन्या असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कडा सरळ कापलेल्या, प्रत्येक तुकडा अगदी सारखा, जाडी एकसमान असेल तर शंका घ्या, ब्रश लावू नका आणि तपासणी करून घ्या.

आता दिवस निवडण्याबद्दल. हवामानाच्या अंदाजातलं तापमान हवेचं असतं, छपराचं नव्हे. निरभ्र रात्री छप्पर आकाशाकडे उष्णता फेकतं आणि हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतं. म्हणून हवा ३ अंश असतानाही स्लेटवर दहिवर गोठलेलं दिसतं. सावलीचा उतार दुपारपर्यंत तसाच राहतो, आणि शेवाळ नेमकं तिथेच जास्त. इन्फ्रारेड थर्मामीटरने पृष्ठभाग मोजा, पण जमिनीवरून तिरक्या कोनात नको. ओल्या स्लेटवर आकाशाचं परावर्तन येऊन आकडा खोटाच कमी दिसतो. जवळून, समोरून मोजा. माझा नियम: पृष्ठभाग ५ अंशांच्या वर आणि चढता, आणि शेवटचं धुणं संपल्यावर गोठण्याआधी किमान पाच-सहा तास हातात. रात्री हवाच शून्याखाली जाणार असेल तर त्या दिवशी सुट्टी. तुम्ही सांगितलेल्या हवामानात असे दिवस फार थोडे मिळतील.

काम करताना फवारा नेहमी उताराच्या दिशेने, वरून खाली. खालून वर मारलं की पाणी स्लेटांच्या खाली शिरतं. उच्च दाबाचं यंत्र तर कोणत्याच ऋतूत नको: स्लेट हा पापुद्र्यांचा दगड, त्याला दाबाची धार म्हणजे पाचर. हाताने दाब देण्याचा पंप पुरतो, फक्त त्याला पितळी नोझल नसावं. तांब्याच्या संपर्कात हायपोक्लोराइटचं विघटन वेगाने होतं आणि नोझलही खराब होतं. संध्याकाळी पंप आणि नळ्या रिकाम्या करा, नाहीतर सकाळी फुटलेला व्हॉल्व्ह हातात येईल. धातूच्या पट्ट्या आधी भिजवा आणि नंतर सगळ्यांत जास्त पाणी त्यांच्यावरच टाका. पन्हळीतलं खाली उतरणारं नळकांडं बर्फाने तुंबलेलं नाही ना, हे सुरू करण्याआधी बघा. तुंबलं असेल तर सगळं ब्लीच भिंतीवरून उतरेल. पावसाचं पाणी साठवत असाल तर टाकीची जोडणी आधी तोडा. खाली माशांचं तळं असेल तर ते काम माझ्या मते करूच नये.

छपरावर चढू नका. स्लेट पायाखाली तुटते, आणि ब्लीच लागलेलं ओलं शेवाळ विलक्षण निसरडं होतं. परांची किंवा प्लॅटफॉर्मवरून लांब दांड्याने काम करा. थंडीतला एक खास धोका म्हणजे चष्म्यावर धरणारी वाफ: माणूस वैतागून चष्मा काढतो आणि नेमका वारा फिरतो. वाफ न धरणारा, बंद कडांचा चष्मा घ्या. लोकरी हातमोज्यांवर रबरी हातमोजे चढवा. लोकर ब्लीचने भिजली तर ती कातडीला धरून बसते. खाली वाहून आलेलं पाणी रात्री पायवाटेवर गोठू शकतं, त्यावर वाळू टाकून ठेवा.

ब्लीचऐवजी बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकाचं द्रावण चालेल का, हा पुढचा प्रश्न येईलच. धातूला ते ब्लीचइतकं त्रासदायक नाही, धुवावं लागत नाही, आणि दगडफुलावर सावकाश पण चांगलं चालतं. पण त्याला कोरडा पृष्ठभाग आणि नंतर काही तास कोरडी हवा लागते. थंडीत सावलीचा उतार दिवसभर ओलाच राहतो, त्यामुळे ते आधीच पातळ होतं आणि पुढच्या पावसात वाहून जातं, थेट ओढ्यात, जिथे ते जलचरांना घातक आहे. म्हणून ते वसंतात मारणं बरं. ब्लीचसोबत कधीच मिसळू नका, आणि साध्या साबणाचे अंश राहिले असतील तर ते निष्प्रभ होतं.

मग या थंडीत करायचं काय? तपकिरी रेघांना हात लावू नका. काळा-हिरवा थर चांगल्या स्लेटचं काही बिघडवत नाही, तो उन्हं तापेपर्यंत थांबू शकतो. थांबू शकत नाही ते जाड, गादीसारखं शेवाळ. ते पाणी धरून ठेवतं, गोठलं की स्लेटा उचलतं आणि पन्हळ तुंबवतं. ते रसायनाशिवाय काढा, पण गोठलेलं असताना ओढू नका, दगडाला चिकटलेलं असतं. बर्फ वितळलेल्या दुपारी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने, वरून खालच्या दिशेने सोडवा आणि पन्हळ साफ करा. छपरावर झुकलेल्या फांद्या असतील तर त्या याच ऋतूत छाटा, पानं गळलेली असताना सोपं जातं. आढ्याखाली तांब्याची किंवा जस्ताची अरुंद पट्टी बसवायची असेल तर ती उन्हाळ्यातली सफाई उरकल्यावर बसवा, आधी नको. पावसाने तिच्यातले धातूचे कण खाली झिरपत राहतात आणि पट्टीखालच्या भागात शेवाळ कमी धरतं. आधी बसवली तर पहिलंच ब्लीच तिला खाईल.